पाठमोरा गोलकीपर

फोटो दुरुस्तीच्या धंद्यात सगळ्यात जास्त मागणी कशाला असेल, तर टायला. इथं सिंगापुरात चिनी घरात कोणी वारलं की शवपेटीपुढे त्याचा मोठा फोटो ठेवतात. आयुष्यभर बनियन आणि अर्ध्या चड्डीत वावरलेल्या माणसाचा कोट-टायमधला फोटो घरात कुठून असणार? मग मुलं सहलीतला, लग्नातला, हॉकर सेंटरमध्ये नूडल्स खातानाचा असा एखादा फोटो घेऊन यायची आणि म्हणायची, "आंटी, टाय घाला. हातातल्या काड्या काढा." मी टाय घालत असे, काड्या काढत असे. माझ्या नवऱ्याला ऑफिसात कधी टाय लागला नाही, पण या बेटावरच्या कितीतरी म्हाताऱ्यांना मी टाय बांधून शेवटच्या प्रवासाला पाठवलं आहे.

मी इतकी वर्षं नेमकं काय काम करत होते हे आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना कधी नीट कळलं नाही. एकदा गणपतीत कोणीतरी माझी ओळख करून दिली, "या सुमनताई, या कॉम्प्युटरवर फोटो गोरे करतात." त्यामुळे दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मी लगेच हो म्हणाले. पण टायबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं. मला एका जुन्या फुटबॉल संघाबद्दल लिहायचं आहे, आणि त्यातल्या एका गोलकीपरबद्दल, ज्याचा चेहरा मी कधीच पाहिला नाही.

मी मूळची कोल्हापूरची. केमिस्ट्रीची पदवी घेऊन मामांच्या फोटो स्टुडिओत डार्करूममध्ये काम करत होते. नवऱ्याला सिंगापुरात नोकरी लागली, बायको म्हणून त्याच्या व्हिसावर मीही आले. घरात बसून कंटाळले तेव्हा एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर लिम अंकलची पाटी दिसली. लिम अंकल पूर्वी स्टुडिओ चालवायचे, मग जुने फोटो दुरुस्त करायला लागले. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "फोटो कुठं धरायचा?" मी म्हणाले, "कडेला." दुसऱ्या दिवसापासून मी कामाला.

इथली हवा म्हणजे फोटोचा शत्रू. बाराही महिने दमट. फोटोच्या कागदावर वर एक पातळ थर असतो, आपल्या जिलेटिनचा, त्यातच चित्र असतं. दमट हवेत तो थर मऊ होतो. त्यावर बुरशी धरते, मुंग्या येतात, झुरळं तो खातात. आणि फोटो फ्रेममध्ये काचेला टेकून बसलेला असेल तर तो थर हळूहळू काचेलाच चिकटतो. लोकांना ते कळत नाही. ते फ्रेम उघडतात, फोटो खसकन ओढतात, आणि आजोबांचं अर्धं कपाळ काचेवर राहतं. म्हणून आम्ही सगळ्यांना सांगायचो, फ्रेम उघडू नका, तशीच घेऊन या. कोणी ऐकायचं नाही.

लिम अंकलचा एक नियम होता. डाग काढायचा, चीर बुजवायची, कोट घालायचा, मागची भिंत रंगवायची, हे सगळं चालेल. पण चेहरा गेला असेल तर तो बनवायचा नाही. एकदा एक गृहस्थ लग्नाचा फोटो घेऊन आले होते. त्यातली पहिली बायको काढून दुसरी बसवून हवी होती. लिम अंकलनी त्यांना शांतपणे विचारलं, "दुसरी जिवंत आहे ना? मग तिला घेऊन या, नवा फोटो काढतो." ते गृहस्थ परत आले नाहीत.

तर तो फुटबॉलचा संघ. काही वर्षांपूर्वी जुन्या फुटबॉलचं वेड असलेल्या काही मंडळींनी एक छोटं प्रदर्शन करायचं ठरवलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सिंगापूरचा संघ कसा घडला, कोणाशी खेळला, असा विषय. एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या वारसांनी त्यांना पत्र्याच्या पेट्या दिल्या होत्या. त्यात फोटो आणि काचेच्या निगेटिव्ह. त्या पेट्या आमच्याकडे आल्या.

लिम अंकलना फुटबॉलमध्ये काडीचा रस नव्हता. मी मात्र हातातलं काम बाजूला सारून पहिली पेटी उघडली. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल काय आहे हे सांगावं लागत नाही. आमच्याकडे पेठेपेठेचे, तालमीतालमीचे संघ. सामना असला की दुपारनंतर दुकानं ओस. माझे वडील, आबा, आमच्या तालमीच्या संघात हाफबॅक होते. पायाला नुसत्या पट्ट्या बांधून खेळायचे. माझ्या जन्माच्या आधीच त्यांचा गुडघा गेला, त्यामुळे मी त्यांना खेळताना कधी पाहिलं नाही. मामांचा स्टुडिओ होता, तरी आबांचा मैदानावरचा एकही फोटो नाही. मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "बॉल बघायचा सोडून फोटो कोण काढत बसतंय? आणि काढला तर गोल मारणाऱ्याचा काढतील. हाफला कोण बघतंय?" आबा गेले तेव्हा मी इथं होते. त्यानंतर मला सारखं वाटायचं, त्यांना एकदा तरी धावताना बघायला हवं होतं.

पेटीत सगळ्यात वर संघाचा फोटो होता, पुठ्ठ्यावर डकवलेला. मध्ये खुर्च्यांवर गोरे अधिकारी, पायावर पाय टाकून. त्यांच्या बाजूला आणि मागे खेळाडू. चिनी, मलाय, भारतीय, एखाददुसरा युरेशियन. तेव्हा हा देश नव्हता, इंग्रजांची वसाहत होती. एरवी चिन्यांचे क्लब वेगळे, मलायांचे वेगळे, गोऱ्यांचे वेगळे, मैदानंसुद्धा वेगळी. पण वर्षातून काही दिवस बेटाचा म्हणून एक संघ निवडत आणि मलायातल्या इतर राज्यांशी खेळायला पाठवत. तेव्हा ही सगळी माणसं एका रंगाची जर्सी घालून एका रेल्वेच्या डब्यात बसायची. फोटोखाली प्रत्येकाचं नाव छापलेलं होतं.

फोटो मात्र पार पिवळा पडला होता. चेहऱ्यांच्या जागी फिकट ठिपके. अशा वेळी आम्ही एक युक्ती करतो. पिवळं पडलेलं चित्र डोळ्यांना दिसत नाही, पण निळ्या प्रकाशात पिवळा रंग काळा दिसतो. म्हणून फोटो स्कॅन करायचा आणि त्यातला फक्त निळा भाग उचलायचा. मी ते केलं आणि एकेक माणूस परत यायला लागला. आधी भुवया, मग डोळे, मग ओठ. एक हसत होता. एकाच्या डोळ्यात ऊन जात होतं. एकाच्या गालावर ताजी जखम होती. कितीही वेळा केलं तरी या क्षणाला माझं मन भरून येत असे.

मागच्या ओळीत शेवटी गोलकीपर उभा होता. उंच, जाड स्वेटर घातलेला, पोटाशी दोन्ही हातांनी बॉल धरलेला. खाली नाव होतं केमात. आणि त्याच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा कागद होता. तिथला थर काचेला चिकटून निघून गेला होता. जे कागदावर उरलं आहे ते निळ्या प्रकाशात परत येतं, जे निघून गेलं ते येत नाही.

प्रदर्शनवाल्यांनी तो फोटो इंटरनेटवर टाकला आणि विचारलं, यातल्या कोणाचे नातेवाईक आहेत का? थोड्याच दिवसांत एक तरुण मलाय मुलगी आमच्याकडे आली. नाव सुराया. नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात नर्स होती, ड्युटी संपवून तशीच आली होती. सोबत तिची आजी, रोकिया. ऐंशीच्या घरातली बारीक बाई, फुलाफुलांचा पायघोळ पोशाख, डोक्याला पांढरा रुमाल, हातात काठी. ईस्ट कोस्टच्या बाजूला नातीजवळ राहायच्या. थोडं इंग्रजी बोलायच्या, अडलं की मलायमध्ये शिरायच्या आणि सुराया मला सांगायची.

सुराया म्हणाली, "आजीचे वडील केमात. सिंगापूरचे गोलकीपर. आमच्या घरात त्यांचा एकही फोटो नाही."

मी फोटो टेबलावर ठेवला आणि आजींना भिंग दिलं. त्यांनी सगळे चेहरे नीट बघितले आणि विचारलं, "माझे वडील कुठले?"

मी बोट ठेवलं. त्या वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"इथं काही नाही," त्या म्हणाल्या.

"हो. ते काचेला चिकटून गेलं."

"मग काच कुठं आहे?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "कोणीतरी फेकून दिली असेल, आजी. फार पूर्वी."

त्यांनी मान हलवली. मग भिंग खाली सरकवलं आणि त्या हातांकडे बघायला लागल्या. बॉलवरची लांब बोटं, जाड मनगटं. आपला हात त्यांनी फोटोच्या शेजारी टेबलावर पसरून ठेवला. मीही बघितलं, सुरायानंही बघितलं. बोटं तशीच लांब होती.

मग त्या बोलायला लागल्या. त्यांच्या पहिल्या शब्दानंच मी गोंधळले, कारण त्या मला सारख्या "नाक, नाक" म्हणत होत्या. मला वाटलं माझ्या नाकाला काही लागलंय. मी रुमालानं पुसलंसुद्धा. सुराया हसली आणि इथल्या सगळ्यांसारखं वाक्याला "लाह"चं शेपूट जोडत म्हणाली, "आंटी, नाक म्हणजे आमच्या भाषेत लेकरू, लाह." साठीला टेकलेल्या मला लेकरू म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं. मी रुमाल खिशात ठेवला.

केमात रेसकोर्सवर घोड्यांची निगा राखायचे. सकाळी तबेला, संध्याकाळी फुटबॉल. सामन्यासाठी बाहेरगावी जायचं असलं की साहेबाकडे रजा मागायची, आणि हरून आले तर साहेबाचं तोंड आठवडाभर वाकडं. हे सगळं रोकियाआजींना आईनं सांगितलेलं. त्यांची स्वतःची आठवण एकच होती.

"मला वर उडवायचे," त्या म्हणाल्या, "आणि झेलायचे. मला आभाळ आठवतं. काखेत हात आठवतात. चेहरा आठवत नाही. मी वर बघत होते ना."

महायुद्धात जपान्यांनी इंग्रजांकडून बेट घेतलं तेव्हा आजी तीन-चार वर्षांच्या. घरात भिंतीवर संघाचा फोटो होता, बहुतेक याचीच प्रत. मध्ये गोरे साहेब बसलेले. कोणी बघितला तर काय होईल म्हणून आईनं तो चुलीत घातला. पुढे एक दिवस सैनिकांनी वस्तीतल्या पुरुषांना ट्रकमध्ये घातलं. सयामकडे, आजच्या थायलंडात, रेल्वेचं काम आहे, काही महिन्यांनी परत आणू म्हणाले. केमात गेले ते गेलेच. कबर नाही, निरोप नाही. आई मुलीला घेऊन पुलाउ उबीनला भावाकडे गेली. तो तिथं ग्रॅनाइटच्या खाणीत होता. आजी त्या बेटावर वाढल्या.

"होडी आली की आई जेटीवर जाऊन उभी राहायची," आजी म्हणाल्या. "रोज नाही. पण जायची. ते कसे दिसतात हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी आईच्या तोंडाकडे बघायची. ती ओळखेल तेव्हा मला कळेल, असं वाटायचं."

जाताना सुराया मागे थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "आंटी, आता एआय आहे, लाह. आजीचा फोटो घ्या, माझ्या मामांचे फोटो घ्या, त्यातून चेहरा तयार होईल. इथं बसवून टाका. आजी किती दिवस आहे?"

प्रदर्शनवाल्यांचंही तेच म्हणणं होतं. संघाच्या फोटोत एका माणसाला तोंड नाही, हे बरं दिसत नाही. खरं सांगायचं तर माझंही मन डळमळलं. कोट घालतो, टाय घालतो, मग एका म्हाताऱ्या बाईसाठी चेहरा का नाही? मी लिम अंकलना विचारलं. ते तेव्हा बरेच थकले होते, दुकान बंद करायचं बोलत होते. मला वाटलं, ते म्हणतील, कर तुला काय करायचं ते.

ते म्हणाले, "माझ्या आईचा फोटो नव्हता. ती गेली तेव्हा मी वीस वर्षांचा. बहिणीचा चेहरा बघून मी आईचं चित्र केलं, चांगलं केलं. सगळे म्हणाले, हुबेहूब. ते आम्ही घरात लावलं, त्याच्यापुढे उदबत्ती लावली. सुमन, आता मी आईला आठवायला गेलो की ते चित्रच आठवतं. खरी आई कशी होती ते मला आता माहीत नाही. माझ्याकडे जे थोडं होतं, ते त्या चित्रानं खाल्लं."

इतक्या वर्षांत त्यांनी त्या नियमाचं कारण मला पहिल्यांदा सांगितलं. मग चष्मा पुसला आणि कामाला लागले.

मी सुरायाला नाही म्हणून कळवलं. तिला राग आला, आणि तिचं चुकलं असं मला वाटत नाही. पुढच्या वेळी दोघी आल्या तेव्हा तिनं ते काम मोबाइलवर स्वतःच करून आणलं होतं. चेहरा खरंच सुंदर जमला होता. तिनं तो आजींसमोर धरला. आजींनी चष्मा लावून बघितलं, कौतुकानं मान डोलावली आणि विचारलं, "देखणा आहे. कोणाचा मुलगा?"

सुरायानं मोबाइल पर्समध्ये ठेवला. थोड्या वेळानं मला म्हणाली, "मग तुम्हीच काहीतरी शोधा, आंटी."

मी शोधायला लागले. पेट्यांत सामन्यांच्या काचा होत्या. काचेच्या निगेटिव्ह म्हणजे खिडकीच्या तावदानासारखे तुकडे, एकमेकांना चिकटलेले. घाई केली तर दोन्ही जातात. हवा कोरडी केलेल्या कपाटात आठवडेच्या आठवडे ठेवायच्या, मग पातळ पात्यानं कडेकडेनं सोडवायच्या. एकीकडे मी लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर त्या काळची वर्तमानपत्रं वाचायला लागले. कुठली काच कुठल्या सामन्याची हे कळायला दुसरा मार्ग नव्हता.

वाचता वाचता तो संघ माझ्या घरातला झाला. ही माणसं दक्षिणेच्या टोकाहून रेल्वेनं निघायची, रात्रभर जागी राहायची आणि दुसऱ्या दिवशी उन्हात खेळायची. चीनमधून, ऑस्ट्रेलियातून पाहुणे संघ बोटीनं यायचे, तेव्हा मैदानाभोवतीच्या झाडांवर लोक चढायचे. पावसानं चिखल झाला की वार्ताहर लिहायचा, कोण कोणाचा हे ओळखू येईना. रोज संध्याकाळी इथल्या मेट्रोत, एमआरटीत, बसले की माझ्या डोक्यात तेच सामने चालायचे. घरी मुलगी विचारायची, "आई, व्हाय यू स्मायलिंग?" मी तिला काय सांगणार? मी आज जिंकले होते. त्या काळात मी जन्मलेही नव्हते, या बेटाचं नावही माझ्या घरात कोणाला ठाऊक नसेल, तरी तिथं परत जावंसं वाटायचं. बहुतेक मला कोल्हापूरला जायचं होतं, आबांच्या मैदानावर. तिकडची वाट नव्हती, म्हणून मी इकडून शिरत होते.

केमातचं नाव बातम्यांत अधूनमधून यायचं. गोल झाला की दोष त्याचा, अडवला की एक वाक्य. एका पाहुण्या संघाविरुद्धच्या सामन्याबद्दल मात्र वार्ताहरानं भरभरून लिहिलं होतं. सिंगापूर हरलं, पण गोलकीपर नसता तर किती गोलांनी हरलं असतं हे सांगता येत नाही, असं काहीसं.

आणि त्याचे फोटो? होते ना. एक नाही, बरेच होते. सगळे पाठमोरे.

याचं कारण साधं आहे. त्या काळी कॅमेरे मोठे, लांबचं टिपायची सोय नाही. खेळ जवळ कुठं येणार? गोलपाशी. म्हणून फोटोग्राफर गोलच्या मागे जाळीजवळ उभा राहायचा. त्याला समोरून दिसायचा तो गोल मारायला येणारा. गोलकीपर त्याच्याकडे पाठ करून. केमातची पाठ, केमातचं कोपर, केमातच्या मोज्याला पडलेलं भोक मी बघितलं. ज्याच्यापाशी कॅमेरा सतत होता, त्याचाच चेहरा कोणी टिपला नव्हता. आबांचं हाफबॅकचं गाऱ्हाणं ऐकत मोठी झालेली मी, पण गोलकीपरचं गाऱ्हाणं त्याहून मोठं निघालं.

शेवटच्या पेटीतल्या काचा सोडवायला सर्वांत अवघड गेल्या. त्यातली एक मी दिव्याच्या पेटीवर ठेवली, कॉम्प्युटरवर उलटी करून काळ्याचं पांढरं केलं आणि लिम अंकलना हाक मारली. ते आले, खुर्ची ओढून बसले.

केमात हवेत होता. दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले, अंग धनुष्यासारखं मागे वळलेलं, हात वर, आणि बॉल त्या लांब बोटांत नुकताच आलेला. पाठमोराच. पुढे जाळीचे धागे अस्पष्ट. पण त्याच्या पलीकडे, मैदानाच्या कडेला प्रेक्षक होते, आणि ते लख्ख उठले होते. टोप्या घातलेले, छत्र्या धरलेले, बापाच्या खांद्यावर बसलेले, झाडाच्या फांदीला लोंबकळणारे. सगळ्यांची तोंडं उघडी. आणि सगळे, एकूण एक सगळे, त्याच्याकडे बघत होते.

लिम अंकल पडद्यावर वाकले. मग म्हणाले, "धूळसुद्धा काढू नकोस." मी धूळ तेवढी काढली.

आजींना मी तो फोटो मोठा छापून दाखवला. त्यांना आधी उडालेला माणूस समजलाच नाही. मी बोटानं दाखवलं, हे पाय, ही पाठ, हे हात. त्यांनी पाठीवरून बोट फिरवलं. मग प्रेक्षकांकडे गेल्या. एकेका चेहऱ्यावर भिंग ठेवून सरकत गेल्या, जशी माणसं लग्नाच्या फोटोत आपली माणसं शोधतात. मला वाटलं, आईला शोधताहेत. तसं नव्हतं.

"यांनी सगळ्यांनी त्यांना बघितलंय," त्या म्हणाल्या. "या पोरानं पण बघितलंय. हा बघ, नाक, हा हसतोय."

सुराया खिडकीशी जाऊन उभी राहिली. रोज हॉस्पिटलात कितीतरी बघणारी मुलगी, तिला रडताना लपायला जागा लागली.

प्रदर्शन झालं. संघाचा फोटो लागला तसा, कोऱ्या जागेसकट. लोक विचारायचे, याला काय झालं? प्रदर्शनवाले सांगायचे. शेजारी तो हवेतला फोटो होता, त्याच्यासमोर सगळ्यात जास्त गर्दी. काही महिन्यांनी लिम अंकलनी दुकान बंद केलं, मीही घरी बसले. ते आता मुलाकडे असतात, मला कधी ओळखतात, कधी ओळखत नाहीत. मला खंत आहे ती एकच. कोरडं कपाट, दिव्याची पेटी, पाती, हे सगळं शिकून घ्यायला कोणी आलं नाही. आता घराघरांत मोबाइलवर चेहरे तयार होतात आणि ते खूप छान असतात.

प्रदर्शन संपल्यावर रोकियाआजींनी सुरायाकरवी निरोप पाठवला की तो फोटो जिथं काढला ती जागा बघायची आहे. वर्तमानपत्रांवरून ती मला ठाऊक होती, जालान बसारचं मैदान. स्टेडियम मधल्या काळात पाडून नव्यानं बांधलं, गवतही आता खोटं आहे, पण मैदान तिथंच आहे. सकाळची वेळ होती, खेळाडू कोणी नव्हते. सुरायानं तिथल्या माणसाशी मलायमध्ये बोलून परवानगी काढली. थोडाच वेळ, असं तो म्हणाला.

मी फोटोची प्रत नेली होती. छपरं गेली, झाडं गेली, तरी मागच्या रस्त्याच्या अंदाजानं मी गोल ओळखला. हाच असेल अशी खात्री नाही, पण असावा. मी आजींचा हात धरून त्यांना गोलच्या मागे नेलं, जाळीजवळ. म्हणाले, "आजी, फोटोग्राफर इथं उभा असणार."

त्यांनी फोटो बघितला, जाळीतून पलीकडे बघितलं. मग माझा हात सोडला आणि काठी टेकत टेकत गोलच्या खांबाला वळसा घालून मैदानात गेल्या. सुराया मागे धावली, त्यांनी तिला हातानंच थांबवलं. हळूहळू चालत त्या बऱ्याच आत गेल्या, जिथून पेनल्टी मारतात त्या खुणेपर्यंत, आणि तिथं वळून गोलकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मैदानावरचा माणूस काही बोलायला पुढे झाला आणि का कोण जाणे, थांबला.

आजी उन्हात डोळ्यांवर हात धरून रिकाम्या गोलकडे बघत होत्या. जाळीच्या मागे मी उभी होते. तिथून मला त्यांचा चेहरा समोरून दिसत होता.

"इथून दिसले असते," त्या म्हणाल्या.